गणेशखिंडीतील गव्हर्नरांचा प्रासाद आणि सावित्रीबाईंचे नाव

नगर जिल्ह्यातील महाविद्यालयात शिकून पदवीधर झालेल्या आपल्या समाजातील मुलामुलींच्या प्रमाणपत्रावर आज सावित्रीबाई फुले यांचे नाव असते. पुणे, नाशिक आणि अहमदनगर (२०२४ पासून अधिकृतपणे अहिल्यानगर) या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्या पुणे विद्यापीठास २०१४ साली हे नाव मिळाले. विद्यापीठाची मुख्य इमारत मात्र मुळात विद्येसाठी बांधलेली नाही. मुंबई इलाख्याच्या इंग्रज गव्हर्नरांचे ते पावसाळी निवासस्थान होते. करड्या दगडाची ती लांबलचक वास्तू, तिच्या कमानी आणि झाडांच्या वर डोकावणारा मनोरा यांची छायाचित्रे सर्वांनी पाहिली आहेत. वास्तूचा इतिहास सांगताना गव्हर्नरांच्या मेजवान्या, तळघरातील भुयार आणि रँडचा वध एवढ्यावरच बहुतेकांची लेखणी थांबते. आम्हांस या वास्तूकडे निराळ्या बाजूने पाहावेसे वाटते. ती कोणाच्या पैशातून उभी राहिली, ती उभी राहत असताना तिच्या भोवतालचा बहुजन कोणत्या अवस्थेत होता आणि सावित्रीबाईंचे नाव तेथवर कोणत्या वाटेने पोहोचले, हे आमचे प्रश्न आहेत.

प्रथम जागेविषयी. गणेशखिंड हे नाव पेशवाईतील आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांची फौज आणि कंपनीचे सैन्य यांची गाठ याच खिंडीच्या व खडकीच्या दरम्यानच्या माळावर पडली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १ जानेवारी १८१८ रोजी, भीमा-कोरेगावची लढाई झाली. तेथील स्तंभावर कोरलेल्या मृतांच्या नावांत महार शिपायांची २२ नावे आहेत आणि १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले होते, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगण्याची गरज नाही. पेशवाईच्या राजधानीत ज्यांच्या सावलीचाही विटाळ होत असे, त्यांचे नाव दगडावर कोरले जाण्याचा हा पहिला आधुनिक प्रसंग म्हणावा लागेल. दगडावर नाव कोणाचे कोरले जाते या मुद्द्याकडे आम्ही पुढे पुन्हा वळणार आहोत.

पेशवाई बुडाल्यानंतर गव्हर्नर पावसाळ्यात पुण्यास येऊ लागले. सर जॉन माल्कम याने दापोडी येथील एका इंग्रज अधिकाऱ्याचा बंगला सरकारासाठी घेतला आणि पुढे तीन-साडेतीन दशके तोच गव्हर्नरांचा मुक्काम राहिला. १८६२ साली सर बार्टल फ्रियर गव्हर्नर झाला. त्यास दापोडीचा बंगला इलाख्याच्या इतमामास अपुरा वाटला. काळही तसा होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि हिंदुस्थानातील कापसाचे भाव आकाशास भिडले. मुंबईत पैशाचा पूर आला. फ्रियरने मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडून नव्या शहरास जागा करून दिली, तर पुण्यात ससून रुग्णालय, डेक्कन कॉलेजची इमारत आणि कौन्सिल हॉल ही सारी बांधकामे थोड्याबहुत अंतराने याच दशकात उभी राहिली. गणेशखिंडीच्या प्रासादाचे काम १८६४ च्या सुमारास सुरू झाले आणि १८७१ साली संपले. तोवर फ्रियर मायदेशी परतला होता आणि त्याच्या जागी सर सीमोर फिट्झजेरल्ड आला होता.

या प्रासादाचा आराखडा जेम्स ट्रबशॉ या वास्तुविशारदाचा. मुंबईचा तट पाडण्याच्या समितीशीही तो संबंधित होता. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडातील धनिकांना इटलीतील ग्रामीण प्रासादांच्या धर्तीवर घरे बांधण्याचा छंद जडला होता. राणीचे स्वतःचे ऑस्बोर्न येथील निवासस्थान त्याच पद्धतीचे. अर्धवर्तुळाकार कमानींच्या रांगा, त्यांच्या आडची सावलीची ओसरी, गाड्या थेट दाराशी याव्यात म्हणून पुढे काढलेला भव्य द्वारमंडप आणि या सर्व आडव्या विस्तारास छेद देत वर चढणारा सडपातळ चौकोनी मनोरा, ही त्या पद्धतीची लक्षणे गणेशखिंडीत ठळकपणे दिसतात. दगड मात्र इटलीचा नाही. तो सह्याद्रीचा काळाकरडा अग्निजन्य पाषाण आहे. त्याच पाषाणात कार्ले, भाजे आणि जुन्नर येथील लेणी खोदली गेली. हा दगड घडवण्यास कठीण, पण एकदा घडवला की शतकानुशतके टिकतो. आतल्या बाजूस दरबारासाठी, भोजनासाठी आणि नृत्यासाठी प्रशस्त दालने आणि बाहेर विस्तीर्ण उपवन. वास्तू म्हणून ती देखणी आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. ज्या व्यवस्थेने ती बांधली तिच्याविषयी आमचे मत काहीही असो, छिन्नी चालवणाऱ्या हातांचे कसब त्यामुळे उणे होत नाही.

खर्च किती झाला? सोळा-सतरा लाख रुपयांच्या घरात. त्या काळच्या मानाने ही रक्कम इतकी मोठी होती की, मुंबईचे गव्हर्नर वरिष्ठांस जुमानत नाहीत व उधळपट्टी करतात याचा नमुना म्हणून विलायतेच्या पार्लमेंटात या प्रासादाकडे बोट दाखवले गेले. दरम्यान १८६५ साली अमेरिकेतील युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, मुंबईतील पेढ्या आणि बँका बुडाल्या. गणेशखिंडीचे काम मात्र चालूच राहिले.

येथे दुसरा एक हिशेब मांडणे आवश्यक आहे. याच दशकात, १८६३ नंतर, मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसवण्यात आली. लोकल फंड या नावाने ती ओळखली जाई. तिचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी आणि उरलेला रस्ते वगैरे कामांसाठी असे ठरले होते. म्हणजे कुणबी, माळी, धनगर अशा कष्टकऱ्यांकडून शिक्षणाच्या नावाने पैसा गोळा होऊ लागला तो काळ आणि गणेशखिंडीच्या पायाचा काळ एकच. प्रासाद लोकल फंडातून बांधला असे आम्ही म्हणत नाही. दोन्ही खाती वेगळी होती. पण सरकारी खजिन्यात येणारा मोठा ओघ जमीनमहसुलाचा होता आणि तो देणारा शेतकरी एकच होता. या शेतकऱ्याच्या मुलांस त्या पट्टीतून काय मिळाले, याचे उत्तर जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात दिले आहे. इलाख्यातील दहांपैकी नऊ गावांत प्राथमिक शिक्षणाची कसलीही सोय नाही आणि जवळजवळ दहा लाख मुले शाळेवाचून आहेत, असे त्यांनी आयोगास सांगितले. शेतकऱ्यांच्या पैशावर वरिष्ठ वर्गाचे उच्चशिक्षण पोसले जाते, हा त्यांचा मूळ आक्षेप होता.

कापसाच्या त्या तेजीचा दुसरा शेवट नगर जिल्ह्याने भोगला. भाव चढते असताना सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली होती. भाव उतरल्यावर सारा वाढला, कर्ज वसुलीचे हुकूमनामे निघाले आणि जमिनी सावकारांच्या नावावर जाऊ लागल्या. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुप्यास ठिणगी पडली आणि नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, नगर या तालुक्यांतील शेतकऱ्यांनीही सावकारांच्या वह्या जाळल्या. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला. व्हाइसरॉयचा दुष्काळ-प्रतिनिधी म्हणून सर रिचर्ड टेंपल दक्षिणेत फिरला आणि खडी फोडणाऱ्या मजुरास दिवसाकाठी एक पौंड, म्हणजे जेमतेम अर्धा शेर धान्याइतकीच मजुरी पुरे, असे त्याने ठरवले. हाच टेंपल १८७७ साली मुंबईचा गव्हर्नर झाला आणि गणेशखिंडीत राहावयास आला. त्याच वर्षी २० एप्रिल रोजी सावित्रीबाई जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे होत्या. तेथून त्यांनी जोतीरावांस लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. दुष्काळग्रस्तांसाठी सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांनी त्या भागात चालवलेल्या कामाचे त्यात वर्णन आहे. एक पौंड धान्याचा हिशेब करणारा अधिकारी आणि उपाशी मुलांस जेवू घालणारी सत्यशोधक स्त्री, हे दोघे एकाच वर्षाचे व एकाच मुलुखाचे साक्षीदार आहेत.

आता त्या दगडांस हात लावणाऱ्यांविषयी. खाणीतून दगड काढणारे वडार, तो घडवणारे पाथरवट, चुना भाजणारे, पाणी वाहणारे, पाट्या उचलणाऱ्या बाया यांच्यापैकी एकाचेही नाव आज कोणास ठाऊक नाही. गव्हर्नराचे नाव आहे, वास्तुविशारदाचे आहे. कोणी म्हणेल, त्या काळी मजुरांची नावे लिहिण्याची रीतच नव्हती. हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. गणेशखिंडीपासून फार दूर नसलेल्या कार्ल्याच्या चैत्यगृहाकडे पाहावे. तेथे धेनुकाकट या गावच्या सामि नावाच्या सुताराने दाराचे काम केले असे दगडावर स्पष्ट कोरले आहे. गंधाचा व्यापार करणाऱ्या एका उपासकाचे दानही तेथे नोंदले आहे. जुन्नरच्या लेण्यांतील एका लेखात वेळूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचा उल्लेख आहे. अठराशे-दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध संघाच्या वास्तूत सुतार, बुरूड आणि कासार यांस राजा-श्रेष्ठींच्या शेजारी भिंतीवर जागा होती. संघात प्रवेश करताना वर्ण गळून पडतो ही तथागतांची शिकवण शिलालेखांच्या यादीतही उतरली होती. तीच कला, तोच दगड आणि तेच कष्टकरी एकोणिसाव्या शतकातही होते. नाव लिहिण्याची रीत मात्र मधल्या काळात ज्या समाजव्यवस्थेने पुसून टाकली, ती कोणती हे सांगण्याची गरज नाही.

जोतीराव स्वतः बांधकामाच्या व्यवसायात होते. खडकवासल्याच्या धरणासारख्या सरकारी कामांवर त्यांनी कंत्राटे घेतली होती. त्यामुळे बांधकाम खात्यात मजुराच्या तोंडचा घास कोठे गळतो हे त्यांनी जवळून पाहिले होते. १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गुलामगिरी’त या खात्यातील ब्राह्मण कामगारांच्या कारभारावर त्यांचा पोवाडा आहे. हजेरीपटातील लबाड्या आणि मजुरांची लुबाडणूक हा त्याचा विषय. गणेशखिंडीचे काम संपून तेव्हा दोनच वर्षे झाली होती. त्या काळातील पुण्याच्या सरकारी बांधकामांचा इतिहास लिहावयाचा तर गव्हर्नरांच्या कागदपत्रांइतकाच हा पोवाडाही पुरावा म्हणून वाचला पाहिजे.

गव्हर्नरांच्या या थाटाकडे पुण्यातील पुढारी कसे पाहत, याचेही एक उदाहरण नोंदवण्यासारखे आहे. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून नगरपालिकेने स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्याचे ठरवले. ३२ सभासदांपैकी एकट्या जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा असे त्यांचे म्हणणे होते. ठराव अर्थातच संमत झाला. पुढे स्वातंत्र्याच्या गोष्टी बोलणाऱ्या पुण्यात त्या दिवशी विरोधाचे मत एकच पडले.

गणेशखिंडीचे नाव सर्वतोमुखी झाले ते १८९७ साली. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणास साठ वर्षे झाल्याचा समारंभ २२ जून रोजी या प्रासादात झाला. मेजवानीहून परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग कमिशनर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड ३ जुलैस मरण पावला. प्लेगच्या बंदोबस्तात सोजिरांनी घरांत घुसून केलेले अत्याचार खरे होते आणि लोकांचा संतापही खरा होता. पण त्याच प्लेगाची दुसरी हकीकत या हकीकतीच्या शेजारी क्वचितच ठेवली जाते. सावित्रीबाईंचे पुत्र डॉक्टर यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड या मुलास प्लेग झाल्याचे कळताच सावित्रीबाई त्यास स्वतःच्या पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्यात त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. गणेशखिंडीतील त्या मेजवानीच्या अवघे साडेतीन महिने आधी. त्या वर्षीच्या पुण्याचा इतिहास म्हटला की पाठ्यपुस्तकांना पिस्तुलाचा आवाज ऐकू येतो. महारवाड्यातून मुलाला पाठीवर घेऊन चाललेल्या साठी ओलांडलेल्या स्त्रीची पावले ऐकू येत नाहीत.

स्वातंत्र्यानंतर पुण्यास स्वतंत्र विद्यापीठ देण्याचा कायदा १९४८ साली झाला. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या सरकारने गणेशखिंडीची जागा त्यासाठी दिली आणि १ जून १९४९ पासून विद्यापीठाचा कारभार या इमारतीत सुरू झाला. त्याआधी दोनच वर्षे, १९४७ साली, डॉ. हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज स्थापले होते. ते आणि नंतर निघालेली जिल्ह्यातील इतर महाविद्यालये या नव्या विद्यापीठाच्या कक्षेत आली. नगरच्या पोरास पदवीसाठी मुंबईच्या विद्यापीठाकडे पाहण्याचे कारण उरले नाही.

पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. त्यांचे नाव आमच्या वाचकांस पुणे कराराच्या संदर्भात ठाऊक आहे. १९३२ सालच्या त्या वाटाघाटीत सप्रू आणि जयकर मध्यस्थ होते. पण आणखी एक संबंध आहे, तो फारसा सांगितला जात नाही. डिसेंबर १९४६ मध्ये घटना समितीत ध्येयविषयक ठराव घाईने संमत करू नये अशी सूचना जयकरांनी मांडली, तेव्हा १७ डिसेंबरच्या आपल्या गाजलेल्या भाषणात बाबासाहेबांनी तिला पाठिंबा दिला. पुढे जयकरांनी समितीचा राजीनामा दिला. बंगालच्या फाळणीमुळे बाबासाहेबांचे सदस्यत्व संपुष्टात आले होते. जयकरांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर ते जुलै १९४७ मध्ये मुंबई प्रांतातून पुन्हा निवडून आले आणि ऑगस्टमध्ये मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. ज्यांनी मोकळी केलेली जागा राज्यघटनेच्या शिल्पकारास मिळाली, तेच गृहस्थ गव्हर्नराच्या प्रासादात पहिले कुलगुरू म्हणून बसले. इतिहास असे धागे कधीकधी आपणहून विणतो.

विद्यापीठ म्हणजे काय आणि ते कोणासाठी, याविषयी बाबासाहेबांचे विचार त्याच्या कितीतरी आधीचे आहेत. गव्हर्नरने नेमलेले सभासद म्हणून ते मुंबई विधिमंडळात गेले आणि १९२७ साली मुंबई विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीवर बोलताना त्यांनी विद्यापीठाच्या कारभारात मागास वर्गास प्रतिनिधित्व असलेच पाहिजे असा आग्रह धरला. ऐहिक सुखांवर एक वेळ पाणी सोडता येईल, पण उच्चतम शिक्षणाचा हक्क आणि संधी आम्ही सोडणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. विद्यापीठाचे दार उघडणे आणि विद्यापीठाच्या सभागृहात बसण्यास जागा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी तेव्हाच हेरले होते. १९४६ साली सिद्धार्थ आणि १९५० साली मिलिंद ही महाविद्यालये काढून त्यांनी आपल्या हाताने दुसरी वाटही तयार केली.

गणेशखिंडीत गव्हर्नराचा प्रासाद विद्यापीठास मिळाला, पण गव्हर्नर तेथून पूर्णपणे गेला असे म्हणता येणार नाही. शेजारीच राज्यपालांचे पुण्यातील निवासस्थान आहे आणि राज्यपाल हेच विद्यापीठाचे पदसिद्ध कुलपती आहेत. नाव बदलण्यासही २०१४ साल उजाडावे लागले. विद्यापीठाच्या स्थापनेपासून ६५ वर्षे गेली. औरंगाबादच्या विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव मिळण्यासाठी १९७८ ते १९९४ या काळात आपल्या समाजाने जे सोसले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली, तसे येथे काही घडले नाही. त्या नामांतराने पुढच्यांची वाट सुकर केली, असे आमचे मत आहे. २०२२ साली मुख्य इमारतीच्या परिसरात सावित्रीबाईंचा पुतळा उभा राहिला. मनोऱ्याच्या समोर, गव्हर्नरांच्या गाड्या जेथे थांबत तेथून फार दूर नाही.

नगर जिल्ह्याकडे पुन्हा येऊ. जोतीरावांचे नाव राहुरीच्या कृषी विद्यापीठास आहे आणि सावित्रीबाईंचे नाव जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या पदव्यांवर आहे. हा योगायोग नसून परतफेड आहे, असे म्हणण्यास आधार आहे. सदाशिव बल्लाळ गोवंडे हे जोतीरावांचे मित्र नोकरीनिमित्त नगरला होते. त्यांच्यासह जोतीरावांनी तेथे अमेरिकन मिशनच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. त्या चालवणाऱ्या मिस सिंथिया फरार १८२७ साली मुंबईस आल्या आणि १८३९ पासून नगरला होत्या. परत आल्यावर १८४८ साली भिडेवाड्यातील शाळा निघाली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले ते नगरला मिस फरारकडे आणि पुण्यास मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. नगरहूनच १८४२ साली ‘ज्ञानोदय’ सुरू झाले. त्याच ‘ज्ञानोदया’त १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील मांग समाजाच्या मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा निबंध छापला गेला. आम्हांस धर्मग्रंथ पाहण्याची मोकळीक नाही, तर आमचा धर्म कोणता, असा प्रश्न त्या मुलीने त्यात विचारला होता. त्याचे उत्तर आपल्या समाजास १९५६ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर मिळाले.

मिस फरार आयुष्याच्या अखेरपर्यंत नगरातच राहिल्या आणि तेथेच १८६२ साली त्यांचे निधन झाले. फ्रियर त्याच वर्षी मुंबईस गव्हर्नर म्हणून आला. गणेशखिंडीच्या माळावर पहिला दगड पडण्यास तेव्हा आणखी दोन वर्षे होती आणि सावित्रीबाई पुण्यात शिकवू लागल्या त्यास चौदा वर्षे होऊन गेली होती.